तुसाखालचं पावणं

मुल्ला सरांनी मला ओळीने तीन वर्षं नापास केलं. चौथ्या वर्षी पास केलं, आणि ते का केलं हेही मला नीट कळलं नाही. मी औषधाचं दुकान चालवते. चिठ्ठीवर सकाळ-संध्याकाळ लिहिलं असेल तर सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर. मधलं काही मला झेपत नाही, आणि हा माणूस सगळाच्या सगळा मधला होता. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी जे सांगितलं त्यातलं शिकवणं कुठलं आणि चुकणं कुठलं, हे मला आजही सांगता येत नाही. येत नाही म्हणूनच लिहायला बसले आहे.

ते काय शिकवायचे हे सांगितलं की लोक आधी हसतात. हिवाळ्यात हिमालयात चालायला जाणाऱ्यांनी बर्फाच्या कड्याखाली गाडलं न जाता परत कसं यायचं, आणि कुणी गाडलं गेलंच तर त्याला कसं काढायचं, हे ते शिकवायचे. तेही कोल्हापुरात. इथे बर्फ म्हणजे गोळ्याचा, नाहीतर मासळीच्या पेटीतला. हिमस्खलन हा शब्द सरांच्या तोंडी कधी आला नाही. ते नुसतं 'घसरण' म्हणत. आम्ही दहा-बारा जण दर जानेवारीत बर्फात जायचो, आणि आमच्यात एक गोष्ट ठरून गेली होती, की सरांनी 'जावा' म्हटल्याशिवाय कुणी जायचं नाही. बारा घरची माणसं त्या एका शब्दावर गाडीत बसायची, आणि त्यांना घेऊन जाणारी मी. तो शब्द पक्का असणं ही माझी गरज होती, हौस नव्हे.

ओळख झाली ती माझ्या दुकानातच. टाचांच्या भेगांचं मलम घ्यायला आले होते. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, एप्रिलच्या उन्हात अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी मान वर करून फळ्यांवरचे खोके पाहिले, मग आत आले. ही त्यांची कायमची सवय होती. कुठेही गेले तरी आधी वर काय आहे ते बघायचे, मग खाली कुठे बसायचं ते ठरवायचे. माझ्या गल्ल्यामागे आमच्या ट्रेकचा एक मोठा फोटो लावलेला होता. पांढऱ्याशुभ्र उताराखालून आम्ही अकरा जण एकामागोमाग चाललोय, सगळे हसताहेत, वर निळं आकाश. मला त्या फोटोचा फार अभिमान. ते बराच वेळ बघत राहिले.

“ही कोण म्हनायची?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आम्हीच.

“मग जित्ती कशी?”

मला राग आला. मलम पिशवीत टाकून मी पिशवी पुढे सरकवली. तेव्हा त्यांनी बोट लावून दाखवलं, की उतार किती तिरपा आहे, वर कडेला वाऱ्याने साठलेल्या ताज्या बर्फाची पाळ कशी पुढे आलीय, आणि तिच्या बरोबर खालून अकराच्या अकरा जण हातभर अंतराने कसे चाललेत. एक पडला असता तर अकरा गेले असते आणि सांगायला फोटो काढणारा तेवढा उरला असता. तो फोटो तीन वर्षं तिथे होता. त्या दिवशी दुकान बंद करताना मी तो काढून ठेवला. पुढच्या रविवारी त्यांचा पत्ता शोधत कळंब्याला गेले.

सर हे आम्ही लावलेलं बिरुद. ते काही मास्तर नव्हते आणि फौजीही नव्हते. कागलजवळच्या एका गावातून विशीत बाहेर पडले आणि पहाडातले रस्ते राखणाऱ्या खात्यात डोझरवर ऑपरेटर झाले. वीस-बावीस हिवाळे घाटाघाटांतून बर्फ बाजूला ढकलण्यात गेले. डाव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे तिकडेच राहिले. “मी डोझरवाला हाय, सर कसला वं,” असं पहिलं वर्षभर म्हणाले, मग म्हणायचे बंद झाले. आवडत असावं.

शाळा भरायची दर रविवारी, मगदूम अण्णांच्या वीटभट्टीवर. अण्णा सरांचे शाळेतले सोबती. दिवाळीनंतर भट्टीचा हंगाम सुरू झाला की जळणाला आजऱ्याच्या गिरण्यांमधून भाताचं तूस ट्रकने यायचं आणि आवारात घराएवढा ढीग लागायचा. तो आमचा हिमालय. सरांचं म्हणणं, बर्फ कळायचा असेल तर तुसात उतरा. तेही वरून हलकं दिसतं आणि आत गेलं की हात हलू देत नाही. मात्र जिवंत माणसाला तुसात घालायचं नाही, हा त्यांचा कडक दंडक होता. त्यासाठी त्यांच्या मुलीने, रेश्माने, एक गोणपाटाचा पुतळा शिवून दिला होता. ती ब्लाऊज शिवायची, म्हणून पुतळ्याला खांदे चांगले उतरले होते. त्याचं नाव पावणं. “चला, पावणं खाली गेलं,” असं सर ओरडले की आम्ही पळायचो.

या पावण्याला घालायला प्रत्येकाने आपल्या घरातल्या माणसाचा एक कपडा आणायचा. मी माझ्या नवऱ्याचा शर्ट न्यायची. सर तो पुतळ्याला घालून, बटणं लावून, आम्हाला पाठमोरं उभं करून पुरायचे. पुतळ्याच्या छातीशी साबणाच्या डबीएवढं एक यंत्र बांधलेलं असायचं, बीकन म्हणतात त्याला. ते सतत हाक देत राहतं आणि बाकीच्यांनी आपापल्या यंत्राचं बटण फिरवून ती हाक ऐकत जायचं. जवळ पोचलं की लांब सळई खुपसून अंदाज घ्यायचा, मग उताराच्या खालच्या अंगाने फावड्याने उकरायचं. पहिल्या पाव तासात माणूस मिळालं तर आशा. मी पहिल्यांदा उकरलं तेव्हा तुसातून नवऱ्याच्या शर्टाची चौकड्याची कॉलर वर आली आणि मी फावडं खाली ठेवलं. सरांनी नुसतं घड्याळ दाखवलं.

बर्फाचे थर ते परातीत दाखवायचे. तळाला ओलं करून थापलेलं पीठ, त्यावर साबुदाण्याचा पातळ थर, वर पुन्हा दाबून बसवलेलं पीठ. मग परात एका अंगाने हळूहळू उचलायची. काही होत नाही, काही होत नाही, आणि एकदम वरचा सगळा थर अखंड सुटून खाली यायचा. “साबुदाना आत हाय का न्हाय ते वरनं दिसत न्हाय,” एवढंच म्हणायचे आणि परात पुन्हा भरायला घ्यायचे. वर्गात कुणी 'काय होत न्हाय' हे तीन शब्द उच्चारले तर त्याने सगळ्यांच्या बुटांतलं तूस झाडायचं, अशी शिक्षा होती. कोल्हापूरकरांच्या तोंडून दर दहा मिनिटांनी हे शब्द निघतातच, त्यामुळे आमचे बूट कायम स्वच्छ असत.

आता परीक्षेचं सांगते, कारण माझा गोंधळ तिथून सुरू झाला.

पहिल्या वर्षी भट्टीमागच्या मुरमाच्या खाणीत आम्हाला उभं केलं आणि सर म्हणाले, हा बर्फाचा उतार समजा, दोरी धरा आणि सगळे मिळून पटपट पार व्हा. आम्ही बारा जण दोरी धरून शहाण्यासारखे पार झालो. त्यांनी वहीत पेन्सिलीने बाराही नावांपुढे नापास लिहिलं. आम्ही भांडलो. तुम्हीच सांगितलंत म्हटलं.

“मी सांगितलं म्हून गेलासा?”

हो.

“म्हून नापास.”

दोनच रविवारांपूर्वी त्यांनी शिकवलं होतं, की धोक्याचा उतार एका वेळी एकट्याने पार करायचा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. ते आम्हाला पाठ होतं. पण सरांना कोण सांगणार, की तुम्ही चुकताय? आपल्याकडे मास्तर चुकला तर फळ्यावरचं चुकीचंच उतरवून घ्यायची रीत. त्या वर्षी आम्ही बर्फात गेलो नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही तयारीत होतो. आमच्यातला संभाजी, लेथचा कारखाना असलेला, आवाजाने दणदणीत गडी, त्याने सर जे काही सांगतील त्याला उलट बोलायचा सपाटा लावला. सरांनी बरोबर सांगितलं तरी हा म्हणे, न्हाय सर, चूक. त्याला नापास. मला वाटलं मी शहाणी. मी हळूच विचारलं, सर, हे परीक्षेतलं आहे की खरं? “बर्फ सांगतंय व्हय, परीक्षेतलं हाय म्हून?” म्हणाले आणि मलाही नापास केलं. तिसऱ्या वर्षी मी इतका विचार केला की उत्तरच दिलं नाही. चौथ्या वर्षी त्यांनी सांगितलं, की दुपारी हा उतार पार करू. मी म्हटलं, उन्हाने वरचा बर्फ सैल झालेला असणार, मी माझी माणसं नेणार नाही. ते म्हणाले, तुमचं चुकतंय, हा उतार उत्तरेकडचा आहे, इथे ऊन लागत नाही. मी म्हटलं, तरी नेणार नाही. ते चिडले. अर्धा तास विटांच्या थप्पीवर पाठ फिरवून बसले. मग वहीत पास लिहिलं. उताराबद्दल बरोबर कोण होतं, ते मी पुढे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी एकदाच सांगितलं. संध्याकाळी ढिगापाशी बसून ते पावण्याच्या अंगातला शर्ट काढत होते आणि मी यंत्रं पुसत होते. सांगायला लागले. एका सकाळी साहेबांनी हुकूम केला, की जेवणाआधी पुढचं वळण मोकळं करा. सरांनी वर पाहिलं होतं. रात्रभर वारा होता आणि वरची पाळ भरून आली होती. डोझरपुढे हातात झेंडा घेऊन चालणारा मदतनीस होता, तिकडच्याच गावातला.

“मला दिसत हुतं, ताई. पर साहेब बोलला हुता. मी गप बसलो. गिअर टाकला.”

त्याला काढायला संध्याकाळ झाली, एवढंच पुढे म्हणाले. शर्टाची घडी घालून माझ्या हातात दिली. त्यानंतर नापास होण्याचा मला कधी राग आला नाही. पहिलं वर्ष सोडलं तर दर वर्षी आम्ही त्यांच्या शब्दावर जात राहिलो. एकदा त्यांनी शिकवलेल्या खुणेवरून, पायाखालून आलेल्या 'ढुम्' आवाजावरून, मी सगळ्यांना अर्ध्यातून मागे फिरवलं आणि कुणी कुरकुर केली नाही. चूक दिसली तर सांगायची, कुणाचीही असली तरी. इतकं सोपं होतं ते.

मग एका सोमवारी रेश्मा दुकानात आली. तिने चिठ्ठी पुढे केली. मी नाव वाचलं, औषध वाचलं, आणि पुन्हा नाव वाचलं. त्या गोळ्या मी रोज कुणाला ना कुणाला देते. म्हाताऱ्या माणसांची आठवण पुसत जायला लागली की डॉक्टर त्या लिहितात. मी विचारायच्या आधी तिनेच सांगितलं. गॅस चालू ठेवून बाहेर जातात, कागलची बस समजून भलत्याच बसमध्ये बसतात, तिला तिच्या फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, नावाने हाक मारतात.

“रविवार बंद करू नका, ताई,” ती म्हणाली. “रविवार हाय म्हून बाकीचं सहा दिवस त्यांच्या ध्यानात ऱ्हात्यात.”

मी गोळ्यांची पाकिटं दिली आणि कात्रीत सापडले. पेशंटचं पेशंटपाशी, हा माझ्या धंद्याचा नियम. ज्याच्या हातात बारा जणांचा जीव द्यायचा त्याच्याबद्दल त्यांना सगळं ठाऊक असलं पाहिजे, हा बर्फाचा नियम. मी धंद्याचा नियम पाळला, असं स्वतःला सांगत राहिले. खरं तर मला त्यांचा रविवार मोडवत नव्हता.

त्यानंतरचे दोन हंगाम मी नुसती गोंधळलेली होते. सर म्हणायचे, बीकन पाठपिशवीत ठेवा. एखादी मुलगी म्हणायची, नाही सर, अंगावर बांधायचं, पिशवी वाहून जाईल. “शाब्बास.” सर म्हणायचे, डोक्यावरून सरळ खाली खणा. कुणीतरी म्हणायचं, नाही सर, खालच्या अंगाने. “शाब्बास.” पोरं खूश असायची. सर आपल्याला घडीघडी पारखतात, असं बाहेर सांगायची. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असायची. शाब्बास म्हणायच्या आधी एक क्षण जायचा. तो क्षण पूर्वीही जायचा का? मला आठवेना. म्हणजे आठवण कुणाची जातेय, सरांची की माझी, इथपर्यंत माझी मजल गेली.

एका रविवारी पावणं पुरलं आणि सर ओरडले. आम्ही यंत्रं फिरवली तर कुठूनच हाक येईना. सगळा ढीग पालथा घातला. सर विटांवर बसून पाहत होते. मी जाऊन विचारलं, सर, बीकन चालू केलं होतं ना? ते म्हणाले, “सेल संपला तर काय करशिला? घरला जाशिला?” मग आम्ही रांग धरली. खांद्याला खांदा लावून, एका वेळी एक पाऊल पुढे, आणि प्रत्येक पावलाला सळई आत. दोन तासांनी संभाजीच्या सळईला पावणं लागलं. सगळ्यांच्या मते तो त्या वर्षीचा सगळ्यात चांगला वर्ग होता. यंत्र दगा देतं, तेव्हा सळई आणि शिस्त, हे त्या दिवशी हातात भिनलं. माझंही तेच मत आहे. फक्त पावण्याच्या छातीवर यंत्रच नव्हतं, नुसता पट्टा होता. संध्याकाळी रेश्माचा फोन आला, की तांदळाच्या डब्यात काहीतरी टिकटिक करतंय.

डब्यात त्यांनी ते मुद्दाम ठेवलं असेल? मी स्वतःला हा प्रश्न किती वेळा विचारला असेल, सांगता येत नाही. ज्याने चार वर्षं आम्हाला चुकीचं सांगून बरोबर शिकवलं, त्याच्याबद्दल खात्रीने काय बोलणार? रेश्माला विचारलं तर म्हणाली, मलाबी कळत न्हाय, ताई, मी तर लहानपणापासून त्यांच्यासंगट हाय.

शेवटचा वर्ग डिसेंबरात झाला. बारा जण निवडले गेले होते, रजा मंजूर झाल्या होत्या, रेल्वेची आरक्षणं झाली होती. उरला होता तो सरांचा शब्द. थंडी पडली होती, भट्टीचा धूर सरळ वर चालला होता. रेश्मा डबा घेऊन आली होती आणि कुंपणापाशी उभी होती. सरांनी सगळ्यांना अर्धगोलात उभं केलं. चांगले ताजेतवाने दिसत होते. म्हणाले, “चालताना बीकन बंद ठेवा, सेल वाचतो. घसरण आली की मग चालू करा.”

एक मुलगा म्हणाला, नाही सर, घसरण आल्यावर हात हलणार नाही, आधीपासून चालूच हवं. “शाब्बास,” सर म्हणाले. मग दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे चालले आणि म्हणाले, “चालताना बीकन बंद ठेवा, सेल वाचतो.” तो मुलगा हसला. पुन्हा तेच उत्तर दिलं. “शाब्बास.” मग सरांनी घसा साफ केला, सगळ्यांकडे नजर फिरवली आणि तिसऱ्यांदा तेच वाक्य, त्याच आवाजात म्हणाले.

या वेळी मुलगा माझ्याकडे बघायला लागला. बाकीचे सगळेही माझ्याकडे बघायला लागले. मला बोलायला हवं होतं. पास झालेली मी होते, आणि चिठ्ठी वाचलेलीही मीच. कुंपणापासून रेश्मा बोलली.

“अब्बा, तिसऱ्यांदा सांगालाय.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे, एकेकाच्या तोंडाकडे, जणू कोण किती वेळापासून गप्प आहे ते मोजत असावेत. खिशातून वही काढली. पेन्सिल काढली. बराच वेळ ती नुसती धरून उभे राहिले, आणि मग वही माझ्या हातात दिली.

“ताई, ह्या वर्षी मी कुनालाबी जावा म्हनत न्हाय. तुमचं काय चुकलं म्हून न्हाय. मी तुमास्नी काय शिकवलंय, ते मलाच ठाव न्हाय.”

मी म्हणाले, सर, तसं काही नाही. इतकं पोकळ वाक्य मी आयुष्यात उच्चारलं नसेल. त्यांनी ते ऐकूनही घेतलं नाही. पावण्याच्या अंगावरचा शर्ट काढला, घडी घातली, ज्याचा होता त्याला दिला आणि रेश्माच्या गाडीवर मागे बसले.

घरी येऊन मी माझ्या टिपणांच्या वह्या काढल्या. एकेका ओळीपुढे बरोबर, चूक अशा खुणा करायला बसले. यंत्राचं, खणण्याचं, उताराच्या कोनाचं पुस्तकात सापडत होतं, ते ताडून पाहिलं. पण सरांचं म्हणून जे होतं ते पुस्तकात नव्हतं. सकाळी पाऊल टाकल्यावर बर्फाचा आवाज कोरडा आला तर काय, वाऱ्याने बर्फावर उमटवलेल्या रेघा कुठल्या अंगाला वळल्या तर कुठून चालायचं. अशा पंधरा-वीस ओळी शेवटच्या दोन वर्षांतल्या होत्या. त्यांच्यापुढे मी प्रश्नचिन्हं काढत गेले. पानभर प्रश्नचिन्हं झाली तेव्हा वही मिटली आणि सगळ्यांना कळवलं, की आपण जात नाही. कारण विचारलं त्यांना कारणही सांगितलं, गोळ्यांसकट. दोन वर्षं आधी सांगायला हवं होतं, असं एकीने तोंडावर ऐकवलं. तिचं बरोबर होतं.

संभाजी ऐकला नाही. दुसऱ्या कुठल्या गटाबरोबर तो त्याच खिंडीत त्याच आठवड्यात जाऊन आला. मोबाइलवर फोटो टाकले. ऊन, निळं आकाश, बर्फात बसून चहा. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. म्हणजे आम्ही गेलो असतो तर आम्हीही आलो असतो. बहुतेक. फोटोतल्या उतारावर वाऱ्याच्या रेघा दिसत होत्या, त्या मी फोटो मोठा करकरून पाहिल्या. कुठल्या अंगाला वळल्यात ते दिसलं. त्याचा अर्थ काय, ते सरांना विचारायला हवं होतं.

फेब्रुवारीत कळंबा तलावाच्या बांधावर सर दिसले. मी सकाळची चालायला गेले होते. रेश्मा त्यांचा दंड धरून चालली होती. अंगात तोच स्वेटर, पण बटणं एक घर सोडून लागलेली. मला वाटलं ओळखणार नाहीत. पण लांबूनच हात वर केला, थांबले, आणि चेहरा उजळला.

“ताई, कवा आलासा बर्फातनं?”

मी रेश्माकडे पाहिलं. ती तलावाकडे बघत होती. चूक दिसली की सांगायची, हे या माणसाने मला चार वर्षं घोटून घोटून शिकवलं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, की गेल्या आठवड्यात आलो.

“किती गेलतासा?”

“बारा.”

“आलासा किती?”

“बारा, सर.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. डाव्या हाताच्या आखूड बोटांपाशी येऊन अडखळले, परत सुरुवातीपासून मोजलं. घाई नव्हती. मीही थांबून राहिले.

“मग माझं बरोबर हुतं म्हनायचं,” ते म्हणाले.

मी हो म्हणाले.